सतरा वर्षांचे छिद्र

संगणकांच्या जगात पत्ते सांगणारी एक मूक यंत्रणा आहे. १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी आखलेली ही डीएनएस पद्धती आपण लिहिलेल्या नावावरून यंत्राला उमजणारा अंकांतील पत्ता शोधून देते. बँका, रुग्णालये, सरकारी कचेऱ्या सारेच तिच्यावर विसंबून असतात. आणि जिच्यावर सर्वांनी विसंबावे तिचीच विचारपूस कोणी करू नये, हा जगाचा रिवाजच होय.

या अनास्थेची किंमत १४ जुलै २०२० रोजी उघड झाली. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज डीएनएस सर्व्हरमधील ‘सिगरेड’ हा दोष त्या दिवशी जाहीर झाला. इस्रायलच्या चेक पॉइंट कंपनीच्या संशोधकांनी तो शोधला होता. सतरा वर्षे तो तेथे दबा धरून होता आणि गांभीर्याच्या मोजणीत त्यास दहापैकी दहा गुण मिळाले!

दोष मापाचा होता. बाहेरून आलेल्या उत्तरासाठी स्मृतीत किती जागा राखावी, याचा हिशेब ६५,५३५ पर्यंतच मोजणाऱ्या आकड्यात होत असे. बेरीज त्यापुढे गेली की आकडा पुन्हा शून्यापासून सुरू होई. मग जागा पसाभर राखली जाई आणि धान्य पोतेभर ओतले जाई. सांडलेले शेजारच्या स्मृतीत शिरे, आणि त्यातूनच हल्लेखोराला सर्व्हरचा ताबा घेता येण्याजोगा होता. अमेरिकेतील संघराज्याच्या कार्यालयांना बंदोबस्तासाठी अवघे चोवीस तास देण्यात आले.

एखाद्या आज्ञावलीकाराची डुलकी म्हणून हे प्रकरण मिटविणे आम्हांस मान्य नाही. आपल्या सॉफ्टवेअरमधील सुमारे ७० टक्के सुरक्षादोष स्मृतीच्या अशाच गैरहाताळणीतून उद्भवतात, असे मायक्रोसॉफ्टनेच २०१९ साली सांगितले होते. सी कुळातील भाषा माप तपासण्याचा भार माणसावर टाकतात. रस्टसारख्या भाषा तो बहुतांशी स्वतः उचलतात. जुने सारे एका रात्रीत नव्याने लिहिता येणार नाही, हा आक्षेप खरा आहे. परंतु परक्याचा निरोप उघडणारा भाग तरी प्रथम सुरक्षित भाषेत लिहावा, आणि दुरुस्ती हाती येताच ती विनाविलंब बसवावी, एवढे निश्चितच शक्य आहे. आपल्या संस्थाचालकांनी वार्षिक हिशेबतपासणीइतकेच महत्त्व या तपासणीस द्यावे. सतरा वर्षे काही घडले नाही, हा सुरक्षिततेचा पुरावा नव्हे.