कीर्तीनंतरची उमेदवारी

मुलगा मैदानावर फार रमूं लागला कीं पालकांच्या मनांत एक शंका डोकावते: तिशी उलटल्यावर याचें काय होणार? अंगांतील जोर ओसरतो, टाळ्या वाजविणारे दुसऱ्या खेळाडूकडे वळतात आणि उरलेलें आयुष्य जुन्या विजयांच्या गोष्टी सांगण्यांत जातें. ही शंका निराधार नाहीं. परंतु दोष खेळाचा नसून, एकदां नांव झाल्यावर पुन्हां विद्यार्थी होण्याची जी लाज वाटते तिचा आहे, असें आमचें मत आहे. त्याच्या पुष्टीसाठीं इंग्लंडमधील मिक चॅनन यांचें चरित्र येथें देतों.

चॅनन यांचा जन्म १९४८ सालीं विल्टशर परगण्यांतील ऑर्चेस्टन या खेड्यांत झाला. साउथॅम्प्टनच्या फुटबॉल संघासाठीं त्यांनीं एकंदर २२८ गोल केले. त्या संघाकडून इतके गोल दुसऱ्या कोणींहि केलेले नाहींत. १९७२ ते १९७७ या काळांत ते इंग्लंडतर्फे ४६ सामने खेळले व त्यांत त्यांनीं २१ गोल केले. १९७६ सालीं दुसऱ्या श्रेणींतील साउथॅम्प्टननें बलाढ्य मँचेस्टर युनायटेडला हरवून एफ. ए. कप जिंकला, त्या संघांतहि ते होते.

फुटबॉल सोडल्यावर या कीर्तिमान पुरुषानें काय केलें? लहानपणापासूनची घोड्यांची आवड त्यांनीं धंदा म्हणून पत्करली, परंतु एकदम मालकीच्या खुर्चीवर बसून नव्हे. प्रथम दुसऱ्यांच्या पागेंत सहायक म्हणून त्यांनीं उमेदवारी केली आणि चाळिशी ओलांडल्यावर, १९९० सालीं, शर्यतीचे घोडे तयार करण्याचा परवाना घेतला.

शर्यत म्हणतांच पालकांच्या डोळ्यांपुढें जुगार उभा राहील. त्या नादाची तरफदारी आम्हांस करावयाची नाहीं. परंतु घोड्यावर पैसे लावणें निराळें आणि घोडा तयार करणें निराळें. पहांटे उठून जनावराच्या पायांवरून हात फिरवून पाहावें, कोणीं दाणा टाकला तें ध्यानांत घ्यावें, आज कोणाला दौडवावें व कोणाला नुसतें चालवावें हें ठरवावें, मोतद्दारापासून स्वारापर्यंत सर्वांना सांभाळावें, असें तें काम आहे. कोणी म्हणेल, त्यांच्यापाशीं नांव होतें, ओळखी होत्या. खरें आहे, ओळखीनें पागेचें दार उघडतें, पण घोडा धांवत नाहीं. आपल्या शिक्षकानें इंग्लंडसाठीं किती गोल केले हें घोड्याला ठाऊक नसतें.

पुढें राणी एलिझाबेथ यांच्या मालकीची वेस्ट इल्स्ली येथील पागा त्यांनीं विकत घेतली. त्यांचा यूमझेन नांवाचा घोडा पॅरिसच्या सुप्रसिद्ध आर्क द त्रियोंफ शर्यतींत २००७, २००८ व २००९ अशीं लागोपाठ तीन वर्षें दुसरा आला. पहिल्या वर्षीं तर केवळ मस्तकाएवढ्या अंतरानें हरला. यांतच २००८ च्या ऑगस्टमध्यें मोटारीच्या भीषण अपघातांत त्यांचा स्नेही मृत्यु पावला व ते स्वतः गंभीर जखमी झाले. तरी ते पागेंत परतले. २०१२ सालीं त्यांच्या समितार या घोडीनें आयर्लंडची वन थाउजंड गिनीज शर्यत जिंकली आणि २०२१ च्या अखेरीस त्यांनीं पागा मुलगा जॅक याच्या हातीं सोंपविली.

तीनदां हुकलेला तो विजय आम्हांस कपाइतकाच मोलाचा वाटतो. कारण पराभवानंतर दुसऱ्या दिवशीं पहांटे पुन्हां कामाला लागणें हें मैदानाचेंच शिक्षण आहे. म्हणून मुलांना खुशाल खेळूं द्यावें. शाळेच्या ढालीवर नांव कोरलें गेल्यावरहि, जो विद्यार्थी अवघड विषयाच्या शिक्षकांपुढें उभा राहून "मला हें येत नाहीं, शिकवा" असें निःसंकोचपणें म्हणूं शकतो, त्याच्या भवितव्याची काळजी पालकांनीं करूं नये.