चंद्राचा नकाशा आणि आपली विहीर

‘काखेंत कळसा आणि गांवाला वळसा’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. चंद्राचा नकाशा आणि आपली विहीर यांविषयींचें आपलें ज्ञान ताडून पाहिलें असतां तिचा अर्थ नव्यानें पटतो.

इ. स. २०२० मध्यें अमेरिकेच्या भूस्तर-सर्वेक्षण खात्यानें सबंध चंद्राचा एकसंध भूस्तरीय नकाशा प्रसिद्ध केला. अपोलो यानांच्या काळांतील सहा प्रादेशिक नकाशे त्यांत एकत्र जुळविले असून त्यांस अलीकडील यानांनीं पाठविलेल्या माहितीची जोड दिली आहे. त्याची रीति साधी आहे. जो थर दुसऱ्यावर पसरला तो नंतरचा. ज्या विवरानें दुसरें विवर कापलें तें धाकटें. चंद्रावर आपणांस दिसणारे काळे डाग म्हणजे थिजलेल्या लाव्हारसाचे, अर्थात् बेसाल्टाचे, विस्तीर्ण प्रदेश होत.

महाराष्ट्राचा बहुतेक भागही बेसाल्टाचाच आहे. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं लाव्हारसाचे थरांवर थर सांचून तो बनला. जेथें कातळ अखंड आहे तेथें पाणी मुरत नाहीं; जेथें तो भेगाळलेला, सच्छिद्र किंवा झिजून मुरूम झालेला आहे तेथें तें सांठतें. म्हणूनच एका शेतांत विहिरीस पाणी लागतें आणि बांधापलीकडील विहीर कोरडी जाते. हा दैवाचा खेळ नव्हे. ही खडकाची रचना आहे. तरीही विंधन विहिरीची जागा ठरवितांना पुष्कळ लोक खडकाकडे न पाहतां पाणाड्याच्या हातांतील नारळाकडे पाहतात!

कोणी म्हणेल, गांवांत पाण्याची टंचाई असतां चंद्राचे नकाशे कशाला? हा आक्षेप मला पटत नाहीं. दोहोंस लागणारी विद्या एकच आहे. शिवाय आपल्या भूमीकडे दुर्लक्ष झालें असेंही नाहीं. केंद्रीय भूजल मंडळानें २०१२ सालीं हातीं घेतलेलें भूजल-नकाशांचें काम २०२३ सालीं सुमारें २५ लक्ष चौरस किलोमीटर प्रदेशापुरतें पुरें झालें. उणीव आहे ती पुढेंच. चंद्राच्या उपर्युक्त नकाशांत एक सेंटिमीटर म्हणजे ५० किलोमीटर. यान उतरविण्यास त्या त्या स्थळाचा बारकाईचा नकाशा निराळा करावा लागतो. त्याचप्रमाणें प्रादेशिक नकाशा प्रदेशाची स्थिति सांगेल. आपल्या शिवाराचा हिशेब आपणच ठेविला पाहिजे. अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजार या गांवानें तसें करून दाखविलें आहे. तेथें पाऊस व विहिरींची पातळी मोजून दरसाल पाण्याचा ताळेबंद मांडतात, आणि शेतीसाठीं विंधन विहीर खणण्यास गांवानेंच बंदी घातली आहे. जमिनीखालीं बांध नसतो. एकानें उपसलेलें पाणी शेजाऱ्याच्या विहिरीचेंही असतें, हें त्या गांवानें ओळखलें.

विद्यार्थिमित्रहो, वडील माणसांस बरोबर घेऊन दोरीस दगड बांधून आपल्या विहिरीचें पाणी किती हात खोल आहे तें उन्हाळ्याच्या अखेरीस आणि पावसाळा सरल्यावर मोजा, व दरसाल एका वहींत टिपून ठेवा. पालकांस विनंति एवढीच कीं, जमिनींत नवें भोंक पाडण्यापूर्वीं त्यांनीं ती वही एकवार पाहावी.