औषधाचा वास असलेले पाणी आणि आपली गोड विहीर



आपल्या भागातल्या पुष्कळ घरांतली मुले पोटापाण्यासाठी मुंबई-ठाण्याला गेली. ठाणे स्टेशनाच्या पूर्वेला, खाडीच्या अंगाला कोपरी आहे. तिथेही आपली माणसे बिऱ्हाड करून राहतात. गावाकडची मंडळी लेकाकडे चार दिवस राहून परतली की एक तक्रार हमखास कानावर येते. "बाकी सगळं झ्याक आहे, पण पाण्याला औषधाचा वास येतो बघा. पाणी प्यावं तर आपल्या विहिरीचं!"

ही तक्रार ऐकायला बरी वाटते. परंतु तिचा अर्थ आपण उलटा लावतो, असे आमचे प्रांजळ मत आहे. तो वास राखणीचा आहे. आपल्या विहिरीच्या पाण्याला वास नाही, कारण तिथे राखणच नाही.

शहरात काय होते ते थोडे पाहू. ठाणे शहराला भातसा आणि उल्हास या नद्यांचे पाणी मिळते. ते नदीतून उचलल्यावर तुरटीने गाळ खाली बसवतात, वाळूच्या थरातून गाळतात आणि शेवटी त्यात क्लोरीन सोडतात. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक आय.एस. १०५०० या क्रमांकाने ओळखले जाते. त्याप्रमाणे क्लोरीन दिलेल्या पाण्यात दर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहिले पाहिजे, आणि १०० मिलिलिटर पाण्यात विष्ठेतला ई-कोलाय हा जंतू एकही सापडता कामा नये. तेव्हा नळाला थोडा औषधाचा वास आला, तर वाटेत कुठे घाण शिरली तरी तिचा समाचार घ्यायला पाण्यात काहीतरी उरले आहे, असे समजावे.

म्हणजे शहरात सगळे आलबेल आहे, असे नव्हे. उल्हास नदीच्या काठी बदलापूर, उल्हासनगर, कल्याण अशी शहरे वाढली. अंबरनाथ-उल्हासनगरकडून येणारी वालधुनी तर नदीपेक्षा गटारच अधिक वाटावी. कारखान्यांचे आणि वस्त्यांचे सांडपाणी या नद्यांत गेल्याबद्दल राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ साली संबंधितांवर कोट्यवधी रुपयांचा दंड बसवण्याचा आदेश दिला होता. कल्याणजवळ मोहने भागात उन्हाळ्यात नदीवर जलपर्णीचे हिरवे जाजम पसरते. ही जलपर्णी कशावर पोसते? सांडपाण्यातल्या नत्रावर आणि स्फुरदावर. उसाला आपण जे खाऊ घालतो, तेच तिचेही खाद्य!

इथेच आपला आणि त्या नदीचा संबंध येतो. कोपरीत राहणाऱ्या माणसाचे पाणी घाण करणारा वेगळा आणि ते पिणारा वेगळा. वरचा घाण करतो, खालचा पितो, आणि खालच्याला निदान भांडायला कोणीतरी समोर असते. आपल्या विहिरीचे तसे नाही. तिथे वरचेही आपण आणि खालचेही आपणच. भांडायचे कोणाशी?

आता मुद्द्याचे बोलू. विहिरीच्या, बोअरच्या पाण्यात रंग, वास, चव काहीही न दाखवता जो उतरतो, त्याचे नाव नायट्रेट. मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर असता कामा नये, आणि या बाबतीत मानकात कसलीही सवलत नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात महाराष्ट्रातल्या तपासलेल्या नमुन्यांपैकी ३५ टक्क्यांहून अधिक नमुने या मर्यादेबाहेर निघाले. तीन विहिरींमागे एक, असा ढोबळ हिशेब पडतो.

हे नायट्रेट येते कुठून? सगळा दोष युरियाला देणे अन्यायाचे होईल. विहिरीशेजारचा उकिरडा, गोठ्याचे मूत, संडासाचा शोषखड्डा यांतूनही ते झिरपते. पण उसाच्या पट्ट्यात मोठा वाटा खताचा आणि मोकाट पाण्याचा आहे, हे मान्य केले पाहिजे.

आपणा शेतकऱ्यांना हिशेब पटतो, म्हणून हिशेबच मांडतो. वीस फूट व्यासाची विहीर घ्या, तीत वीस फूट पाणी आहे असे धरा. ते पाणी भरते सुमारे १ लाख ७८ हजार लिटर. एवढ्या पाण्यातले नायट्रेट शून्यावरून ४५ च्या मर्यादेपर्यंत न्यायला किती युरिया पुरतो? अवघा चार किलो! युरियात नत्र ४६ टक्के, म्हणजे चार किलोत १.८४ किलो, त्याचे नायट्रेट होते सुमारे ८ किलो. ते एवढ्या पाण्यात वाटले की लिटरला ४५ मिलिग्रॅम भरलेच.

आणि आपण टाकतो किती? सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्राची शिफारस आहे. एकरी ते १०० किलो होते, म्हणजे ४५ किलोच्या पोत्याने जवळजवळ पाच पोती. आडसालीला हेक्टरी ४०० किलो, म्हणजे एकरी पावणेआठ पोती. ही झाली शिफारस. शेजाऱ्याचा ऊस आपल्यापेक्षा काळाभोर दिसला की आपला हात आणखी दोन पोत्यांकडे जातो, हे कोणी कोणाला सांगायला नको. टाकलेल्या नत्रापैकी निम्मेसुद्धा पुष्कळदा पिकाला लागत नाही. बाकीचे काही हवेत उडते, काही पाटपाण्याबरोबर मुळांच्या खाली जाते. त्या पाच पोत्यांतले चार किलो विहिरीपर्यंत पोचणार नाहीत, असे छातीवर हात ठेवून कोण म्हणेल?

याचा त्रास पहिल्यांदा होतो तो बोलता न येणाऱ्याला. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला अशा पाण्यात कालवून वरचे दूध पाजले, तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घटते. ओठ, नखे निळसर पडू लागतात. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात डॉ. हंटर कॉमली यांनी १९४५ साली शेतावरच्या विहिरींचे पाणी मिळालेल्या बाळांमध्ये हे प्रथम दाखवून दिले. तेव्हापासून या दुखण्याला निळ्या बाळाचा आजार म्हणतात. अंगावर पिणाऱ्या बाळाला हा धोका फार कमी. आपल्या आयाबाया सहा महिने निव्वळ अंगावर पाजण्याचा आग्रह धरतात, तो किती शहाणपणाचा आहे, हे यावरून कळेल.

कोणी म्हणेल, पाणी उकळून देऊ. इथेच मोठी फसगत आहे. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटले की त्याचे प्रमाण वाढते. तुरटीने ते जात नाही, ग्रामपंचायतीच्या टीसीएल पावडरीने जात नाही, साध्या गाळणीनेही नाही. ज्याला आपण आर.ओ. म्हणतो त्या यंत्राने ते बऱ्याच अंशी निघते, पण ते यंत्र बरेच पाणी वाया घालवते आणि काढलेला खार पुन्हा जमिनीतच जातो. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ आली, तेव्हा पाण्याचा प्रश्न साऱ्या राज्याला दिसला. साथ ओरडून सांगते. नायट्रेट ओरडत नाही, म्हणून ते तपासूनच पाहावे लागते.

यावर तीन आक्षेप नेहमी येतात.

पहिला : "आमच्या आज्याने हेच पाणी पिऊन नव्वदी गाठली." खरे आहे. पण आजोबा मोटेने पाणी काढीत आणि शेणखतावर शेती करीत. विहीर तीच आहे, पाणी ते राहिलेले नाही.

दुसरा : "युरिया कमी केला तर टनेज पडेल." युरिया बंद करा, असे कोणीच म्हणत नाही. शिफारशीइतका टाका आणि हप्त्याने टाका. सुरू उसाला लागणीच्या वेळी दहा टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी चाळीस, बारा ते सोळा आठवड्यांनी दहा आणि मोठ्या बांधणीला चाळीस टक्के नत्र, हे वेळापत्रक नवे नाही. पाळले जात नाही एवढेच. ठिबकमधून थोडे थोडे द्या. पाचट पेटवू नका, सरीत कुजू द्या. ताग-धैंचा गाडा. जे नत्र विहिरीत जाते त्याचे पैसे तुम्ही मोजलेले असतात. त्याने एक कांडीसुद्धा वाढलेली नसते.

तिसरा : "पाणी तपासणे हे ग्रामपंचायतीचे काम, कारखान्याचे नव्हे." ग्रामपंचायतीचे ते आहेच. जलसुरक्षक असतो, वर्षातून दोनदा पाहणी होऊन गावाला हिरवे, पिवळे, लाल कार्ड मिळते, जलजीवन मिशनखाली महिलांना तपासणीच्या पेट्या मिळाल्या. पण कार्ड प्रामुख्याने उद्भवाच्या आसपासची स्वच्छता पाहते, आणि मळ्यातल्या वस्तीवर जी विहीर आहे, तिच्याकडे बहुधा कोणीच फिरकत नाही. आपल्यातली निम्मी माणसे वस्तीवरच राहतात ना?

शिवाय कारखान्याला हात झटकता येत नाहीत. उसाची नोंद कारखाना ठेवतो, खताची उचल उधारीवर देतो, माती तपासून देतो. खत देणाऱ्याने त्याचा माग विहिरीपर्यंत काढला, तर त्यात वावगे काय? आणि ज्या परिसरात गाळपाचे आणि आसवनीचे सांडपाणी निघते, तिथल्या विहिरी तर आधी तपासल्या पाहिजेत. केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांनी साखर कारखान्याच्या सांडपाण्याला दर टन गाळपामागे २०० लिटरची मर्यादा घातली आहे. ती पाळली जाते की नाही, हे मंडळाच्या अधिकाऱ्याइतकेच सभासदालाही कळले पाहिजे. कारखाना आपला आहे म्हणून हे विचारायचे नाही, असे नसून, आपला आहे म्हणूनच विचारायचे.

म्हणून येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत एक ठराव यावा, अशी आमची सूचना आहे. आपल्या माती परीक्षण प्रयोगशाळेत पाण्यातले नायट्रेट तपासण्याची सोय व्हावी. प्रत्येक गावातल्या निवडक विहिरी पावसाळ्यापूर्वी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा तपासाव्यात, त्यांत कारखाना परिसरातल्या विहिरी अवश्य असाव्यात. आकडे चांगले असोत की वाईट, ते गाववार याच अंकात छापावेत. जिथे ४५ च्या वर आकडा येईल, तिथल्या लहान मुलांसाठी दुसऱ्या उद्भवाचे पाणी कसे मिळेल, हे ग्रामपंचायत आणि कारखाना यांनी मिळून ठरवावे.

ठराव होईपर्यंतही थांबण्याचे कारण नाही. ज्यांच्या घरात बाळंतीण आहे किंवा तान्हे मूल आहे, त्यांनी स्वच्छ बाटलीभर पाणी जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत नेऊन फक्त एक गोष्ट विचारावी : नायट्रेट किती?

सभेत उसाच्या दरावर आपण तासन्‌तास बोलतो, आणि बोललेच पाहिजे. तो घामाचा दाम आहे. पण ज्या पाण्यावर तो ऊस वाढतो, तेच पाणी आपल्या घरातल्या माठात येते. त्याच्यासाठी त्या सभेतली दहा मिनिटे मागणे फार होणार नाही, एवढीच नम्र विनंती.