टोमॅटोचे बी आपल्या घरात हवे

जुलै २०२३ मध्ये टोमॅटोने किलोमागे शंभरी ओलांडली, तेव्हा आपल्या वस्तीतल्या कितीतरी घरांत आमटी चिंचेवर भागली. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात भाव नाही म्हणून शेतकऱ्यांनी टोमॅटो रस्त्यावर ओतले होते. दोन्ही वेळा नुकसान कष्टकऱ्यांचेच झाले. म्हणून आमचे म्हणणे आहे, की यंदा वर्षावासात प्रत्येक विहारातून गावरान टोमॅटोचे बी वाटले जावे.

गावरान म्हणजे ‘शुद्ध देशी’ नव्हे. टोमॅटो मुळात दक्षिण अमेरिकेतला, आपल्याकडे तो पोर्तुगिजांबरोबर आला. शिवाय शुद्ध-अशुद्धाची भाषा आपण पुरेशी भोगली आहे, ती भाजीच्या टोपलीत तरी नको. संकरित टोमॅटो विषारी असतो, असेही आम्ही म्हणणार नाही. तो भरपूर पिकतो, प्रवासात टिकतो. पण त्याच्या बियांतून पुढच्या वर्षी तसेच झाड येईल याचा भरवसा नाही, पाकीट पुन्हा विकतच घ्यावे लागते. गावरान वाणाचे, तसेच पुसा रुबीसारख्या सरळ वाणाचे बी मात्र घरी धरता येते. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी अशीच गावरान बियाणी जपली आणि २०२० सालची पद्मश्री मिळवली. बी राखण्याचा, देण्याघेण्याचा शेतकऱ्याचा हक्क २००१ च्या कायद्यानेही मान्य केला आहे.

जमीन नाही, ही अडचण आम्हाला ठाऊक आहे. तेलाच्या १५ लिटरच्या डब्याला तळाशी भोके पाडा. माती, शेणखत भरा. दिवसाला सहा तास ऊन मिळाले की एका झाडाला तेवढे पुरते. सर्वांत निरोगी झाडाचे एक पूर्ण पिकलेले फळ बियाण्यासाठी राखा. गर बियांसकट ग्लासात दोन-तीन दिवस ठेवा, बुळबुळीत आवरण सुटले की धुऊन सावलीत वाळवा. पुडीवर नाव आणि तारीख लिहा. (दुकानातल्या पाकिटावर ‘जात’ छापतात, आम्ही ‘वाण’ लिहितो.)

आता आरोग्याचे. आपल्या भगिनींमध्ये रक्ताची कमतरता फार आढळते. मेथी, चवळी, बाजरीतले लोह अंगी लागायला क जीवनसत्त्व मदत करते आणि ते कच्च्या टोमॅटोत असते. म्हणून भाकरीबरोबर त्याची कोशिंबीर हवी, आणि ती घरातल्या बाईच्या ताटातही पडायला हवी. सगळ्यांना वाढून उरलेले खाण्याची सवय आपल्या घरांतूनही अजून गेलेली नाही. तेलात शिजवलेल्या टोमॅटोतले लायकोपिन शरीराला अधिक मिळते, तेव्हा चटणीही वाया जात नाही. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी मात्र टोमॅटो किती खावा, हे डॉक्टरांना विचारावे, कारण त्यात पोटॅशियम असते.

आमच्या विहारात ग्रंथवाचनानंतर बियांच्या पुड्या वाटायच्या असे ठरले आहे. ज्यांना पुडी मिळेल त्यांनी पुढच्या आषाढ पौर्णिमेला दोन पुड्या परत आणायच्या.