दंतारोग्य : उरलेल्या दातांची राखण

साठीच्या आसपास अनेकांच्या तोंडात पुढचे दात शाबूत असतात आणि मागच्या चार-सहा दाढा गेलेल्या असतात. भाकरी चावताना अडचण येऊ लागली की घरात कवळीचा विषय निघतो. ‘गेलेले दात कसे बसवता येतील?’ हा प्रश्न सगळेच विचारतात. ‘उरलेल्या दातांचे काय होईल?’ हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. काढता-घालता येणाऱ्या आंशिक कवळीचे सारे शास्त्र या दुसऱ्या प्रश्नाभोवती उभे आहे. पेढीवरच्या भाषेत सांगायचे तर, झालेला तोटा भरून काढताना हातचे मुद्दल गमावू नये, हा तिचा पहिला नियम होय.

आंशिक कवळीला दोन आधार असतात : दात आणि हिरडी. दात हाडात सूक्ष्म तंतूंनी धरलेला असतो. चावण्याच्या दाबाने तो अगदी किंचित हलतो. हिरडी मऊ असल्याने त्याहून कितीतरी पट अधिक दबते. रिकाम्या जागेच्या दोन्ही टोकांना दात असतील, तर भार त्या दातांवर पेलला जातो आणि कवळी स्थिर राहते. परंतु मागे एकही दाढ उरली नसेल, तर कवळीचे मागचे टोक हिरडीत रुतते आणि पुढच्या आधाराच्या दाताला पहारीसारखा हिसका बसतो. हा हिसका रोज शेकडो वेळा बसला की चांगला दातही खिळखिळा होतो. अमेरिकेतील दंतवैद्य एडवर्ड केनेडी यांनी १९२५ मध्ये रिकाम्या जागा कोठे आहेत यावरून जबड्यांचे चार वर्ग पाडले. त्यांतील पहिले दोन वर्ग या मोकळ्या टोकाचे आहेत : पहिल्यात दोन्ही बाजूंच्या मागच्या दाढा नसतात, दुसऱ्यात एकाच बाजूच्या.

उत्तम कवळीचा सांगाडा बहुधा कोबाल्ट-क्रोमियम या मिश्रधातूचा ओतलेला असतो. त्याच्या प्रत्येक भागाला नेमून दिलेले काम आहे. दोन्ही बाजू जोडणारी मुख्य पट्टी ताठ असावी लागते, तरच एका बाजूचा भार सर्वत्र वाटला जातो. खालच्या जबड्यात ही पट्टी हिरडीच्या कडेपासून निदान ३ मिलिमीटर आणि वरच्या जबड्यात सुमारे ६ मिलिमीटर दूर ठेवतात, म्हणजे हिरडी घासत नाही. ‘टेकू’ म्हणजे दातावर टेकणारा धातूचा लहानसा पाय. त्यासाठी दंतवैद्य दाताच्या वरच्या थरात उथळ खाच करतात. टेकूमुळे भार दाताच्या मुळाच्या दिशेने उतरतो आणि कवळी हिरडीत रुतत नाही. ‘पकड’ दाताच्या फुगवट्याखाली जेमतेम ०.२५ मिलिमीटर शिरते आणि कवळी निसटू देत नाही. मात्र कवळी बसल्यावर तिने दाताला रेटता कामा नये. गुलाबी ‘बैठक’ कृत्रिम दात धरते. मोकळ्या टोकाच्या कवळीत ती शक्य तितकी रुंद असावी, म्हणजे दाब पसरतो. चिकट पदार्थ खाताना असे टोक वर उचलले जाऊ नये, म्हणून पुढच्या बाजूच्या दातांवर आणखी एक टेकू देतात.

टेकू कोठे असावा, यालाही महत्त्व आहे. मोकळ्या टोकाच्या कवळीत आधाराच्या दातावरचा टेकू रिकाम्या जागेपासून दूरच्या बाजूस ठेवला, तर दातावरचा हिसका कमी होतो, हा विचार क्रॅटोचविल यांनी १९६३ मध्ये मांडला आणि पुढे तो रूढ झाला. हे सर्व ठरविण्यासाठी जबड्याच्या साच्याचे आधी मोजमाप व्हावे लागते. केवळ माप घेऊन ‘काय ते बसवा’ असे प्रयोगशाळेला सांगणे पुरेसे नाही.

टेकू नसलेली ॲक्रिलिकची साधी पट्टी स्वस्त पडते. दात काढल्यानंतर हिरडी भरून येईपर्यंत ती उपयोगी आहेच. परंतु तीच वर्षानुवर्षे वापरली, तर ती हिरडीत उतरत जाते, दातांच्या कडेची हिरडी मागे सरते आणि मुळे उघडी पडून किडू लागतात. काही वर्षांनी आणखी दोन दात जातात आणि नवी कवळी करावी लागते. आज वाचलेला खर्च असा उद्या दुप्पट होऊन समोर येतो.

म्हणून कवळी करण्यापूर्वी दंतवैद्यांना तीन गोष्टी अवश्य विचाराव्यात : आधाराचे दात व हिरड्या निरोगी आहेत का? भार कोणत्या दातांवर टेकणार आहे? ही कवळी तात्पुरती आहे की कायमची? ब्रिज किंवा इम्प्लांट शक्य आहे का, हेही त्याच वेळी समजून घ्यावे.

कवळी मिळाल्यावर ती चावून बसवू नये, बोटांनी बसवावी. सैल झालेली पकड घरी वाकवू नये. जेवणानंतर कवळी आणि आधाराचे दात दोन्ही घासावेत, कारण पकडीखाली अन्न साचून कीड लागते. रात्री कवळी काढून साध्या पाण्यात ठेवावी. हिरडीलाही विश्रांती हवी असते. उकळत्या पाण्याने बैठकीचा आकार बिघडतो. दर सहा महिन्यांनी तपासणी करावी. दाढ गेल्यावर तेथील हाड हळूहळू झिजत राहते आणि आज नीट बसलेली बैठक कालांतराने सैल होते. वेळीच नवे अस्तर दिले, तर त्याचा भुर्दंड उरलेल्या दातांना सोसावा लागत नाही.