आकाशगंगेतले चाळीसगाव

जळगावहून धुळ्याला रस्त्याने जायचे तर एरंडोल, पारोळा मागे टाकत नव्वदएक किलोमीटरचा सरळ प्रवास आहे. तोच रेल्वेने करायचा ठरवला तर आधी मुंबईच्या दिशेने पाचोरा ओलांडून चाळीसगावला उतरावे लागते आणि तिथून धुळ्याची गाडी धरावी लागते. अंतर दीडशे किलोमीटरच्या घरात जाते. नकाशावर ही दोन्ही शहरे शेजारी दिसतात. रुळांच्या हिशेबात मात्र त्यांच्या मध्ये चाळीसगाव बसलेले आहे. आगगाडीला कापसाच्या शेतातून आडवे जाता येत नाही.

अंतराळात साम्राज्य उभारण्याचे संगणकीय खेळ खेळणाऱ्या मुलांना हा मुद्दा लगेच कळेल. असा एखादा नवा स्ट्रॅटेजी गेम येणार अशी कुणकुण लागली की जाणकार खेळाडूंचा एक प्रश्न ठरलेला असतो: यात जहाजे एका ताऱ्याकडून दुसऱ्या ताऱ्याकडे जाणार कशी? प्रकाशाहून वेगाने जाण्याची युक्ती कोणती निवडली आहे, यावर खेळ चांगला की फसलेला हे ते प्रकाशनाआधीच ठरवून मोकळे होतात. घरातल्या मोठ्यांना हा वाद म्हणजे रिकामटेकडेपणा वाटतो. तो नीट ऐकला तर तसा नाही.

‘स्टेलारिस’ या गाजलेल्या खेळाचे उदाहरण घेऊ. मे २०१६ मध्ये तो आला तेव्हा त्यात प्रवासाच्या तीन पद्धती होत्या. हायपरलेन म्हणजे ताऱ्यांना जोडणारे ठरलेले मार्ग, थोडक्यात रेल्वेचे रूळ. वार्प म्हणजे पल्ल्यात असेल त्या ताऱ्याकडे थेट निघणे. वाट आपली आपण काढायची. तिसरी वर्महोलची: एका जागी केंद्र उभारायचे आणि तिथून ताफा दूरवर फेकायचा. प्रत्येक साम्राज्याने आपापली पद्धत निवडायची. कागदावर हे फार छान होते. प्रत्यक्षात युद्धाला आघाडीच उरली नाही. सीमेवर किल्ला बांधावा तर शत्रू त्याला वळसा घालून थेट राजधानीवर हजर. शेवटी फेब्रुवारी २०१८ मध्ये निर्मात्यांनी मोठा बदल केला आणि सगळ्यांना सुरुवातीपासून हायपरलेनवरच आणले. बाकीचे मार्ग दुर्मीळ किंवा उशिरा मिळणारे ठेवले. अनेक जुने खेळाडू चिडले. पण त्यामुळे आकाशगंगेत खिंडी तयार झाल्या, आणि खिंड आली की किल्ल्याला अर्थ येतो.

खान्देशाला हे वेगळे सांगायला नको. बुऱ्हाणपूरजवळचा असीरगड आज मध्य प्रदेशात आहे. एकेकाळी तो खान्देशच्या फारूकी सुलतानांचा मुख्य आधार होता. सातपुड्यातून दक्षिणेत उतरणारी वाट त्याच्या नजरेखालून जाते, म्हणून त्याला दख्खनचा दरवाजा म्हणत. १६०१ मध्ये तो अकबराच्या हाती गेला आणि फारूकींचे राज्य संपले. सातपुडा कुठूनही ओलांडता आला असता तर असीरगडासाठी कोणी इतका जीव टाकला नसता. आजचे धुळे रेल्वेच्या नकाशावर फाट्याचे शेवटचे टोक आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेला ३०९ किलोमीटरचा मनमाड–इंदूर मार्ग झाला की हेच टोक वाटेवरचे ठाणे होईल. रूळ बदलले की गावाचे नशीब बदलते, हे खेळणारा मुलगा पडद्यावर रोज पाहत असतो.

२००६ मधील ‘सोर्ड ऑफ द स्टार्स’ या खेळाने तर प्रत्येक वंशाला वेगळी गती दिली होती. त्यातली ‘हायव्हर’ ही कीटकसदृश जमात लक्षात राहते. प्रकाशाहून वेगाने जाण्याची विद्या त्यांच्याकडे नाही. त्यांची जहाजे अनेक खेळ्या रखडत दूरच्या ताऱ्यापर्यंत जातात आणि तिथे दार उभारतात. एकदा दार उभे राहिले की मागचा सगळा ताफा तिथे क्षणात पोहोचतो. आधी रूळ टाकण्याचे कष्ट, मग गाडीचा वेग. भौतिकशास्त्राला त्यातल्या त्यात कमी दुखावणारी कल्पना हीच म्हणावी लागेल, निदान दार उघडेपर्यंत.

कारण खऱ्या विश्वात वेगमर्यादा एकच आहे: सेकंदाला २,९९,७९२ किलोमीटर. ती फक्त प्रकाशासाठी नाही. १७ ऑगस्ट २०१७ रोजी सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवरील दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीच्या गुरुत्वलहरी पृथ्वीवर टिपल्या गेल्या आणि गॅमा किरणांचा झोत त्यानंतर जेमतेम १.७ सेकंदांनी आला. इतक्या प्रवासात इतकाच फरक. म्हणजे गुरुत्वाकर्षणालाही तीच मर्यादा. अशाच लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा आपल्या राज्यात, हिंगोली जिल्ह्यात उभी राहणार आहे.

मग खेळातल्या युक्त्यांत खरे काही आहे का? हायपरलेनला भौतिकशास्त्रात आधार नाही. ती निव्वळ खेळाची सोय आहे. वार्पला थोडा आहे. मिगेल अल्कुबिएरे या मेक्सिकन शास्त्रज्ञाने १९९४ मध्ये दाखवले की जहाजापुढचे अवकाश आकसवले आणि मागचे फुगवले तर आइन्स्टाइनची समीकरणे मोडत नाहीत. मात्र त्यासाठी ऋण ऊर्जा लागते, आणि ती हव्या त्या प्रमाणात कशी मिळवायची याचे उत्तर कोणापाशी नाही. वर्महोलची कल्पना आइन्स्टाइन आणि रोझन यांच्या १९३५ च्या शोधनिबंधापर्यंत मागे जाते. ते उघडे ठेवायलाही तीच अडचण.

पण खेळातली सगळ्यात मोठी थाप वेगाची नाही. ती पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात असते: तारीख. ‘स्टेलारिस’मध्ये साल २२०० पासून सगळ्या आकाशगंगेचे एकच कॅलेंडर चालते. सापेक्षतेनुसार असा सर्वांना सामाईक ‘आत्ता’ अस्तित्वातच नाही. वेगाने जाणाऱ्याचे घड्याळ मंद चालते. गुरुत्वाकर्षणातही फरक पडतो. मोबाईलवर रस्ता दाखवणाऱ्या जीपीएस उपग्रहांची घड्याळे जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात आणि ती दुरुस्ती धरली नाही तर नकाशा चुकतो. प्रकाशाहून वेगाने निरोप पाठवता आला तर कोणाच्या तरी घड्याळानुसार तो पाठवण्याआधीच पोहोचेल. मित्रांनी मिळून खेळायच्या खेळात हे आणले तर पहिल्या दहा मिनिटांत भांडणे होतील, म्हणून निर्माते त्या वाटेला जात नाहीत. मराठी वाचकाला ही गोष्ट फार पूर्वी सांगितली गेली आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने आलेल्या ‘कृष्णविवर’ कथेला पहिले पारितोषिक मिळाले. आद्याक्षरे उलटी वाचली की जयंत विष्णु नारळीकर सापडतात.

डॉक्टरी नजरेने पाहिले तर या खेळांत माणसाचे शरीर जवळपास गायबच असते. व्हॉयेजर-१ सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने जात आहे. त्या वेगाने सर्वांत जवळच्या ताऱ्यापर्यंतचे ४.२४ प्रकाशवर्षांचे अंतर कापायला ७५ हजार वर्षे लागतील. वेग वाढवावा म्हटले तर शरीर किती सोसते? पृथ्वीवरच्या गुरुत्वाकर्षणाइतकाच जोर पाठीमागून सतत लावला तर प्रवासी मजेत राहील, पण प्रकाशवेगाच्या आसपास पोहोचायला वर्ष लागेल. क्षणात तो वेग गाठणारे जहाज पहिल्या सेकंदातच आतल्या माणसांचा चुराडा करेल. आणि जोर न लावता तरंगत राहावे तर व्यायामाअभावी खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला एक ते दीड टक्क्याने उतरते. ज्याच्या शाळेत विज्ञानाचे शिक्षक एवढे एक गणित फळ्यावर करून दाखवतील, तो मुलगा त्या दिवशीचा तास विसरणार नाही. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात, भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी काढलेल्या मठाला दिलेल्या दानाची नोंद आहे. आठशे वर्षांपूर्वी या परिसरात खगोलगणिताला देणगी मिळत होती. आज त्याला आठवड्यातला एक तास मिळायला हरकत नसावी.

दुसरे शरीर पडद्याच्या अलीकडचे, खुर्चीवर बसलेले. इथे प्रवासाच्या नियमाचा थेट आरोग्याशी संबंध येतो. या खेळांत प्रकाशाहून वेगवान जहाजही लगेच पोहोचत नाही. ते मुद्दाम वेळ घेते, कारण वाट पाहायला लावणे हाच खेळाचा गळ आहे. रात्री साडेअकराला ताफा निघतो. तो पोहोचला की झोपू, असे ठरते. पोहोचेपर्यंत दुसरीकडे वसाहत तयार होते, तिसरीकडे शत्रू दिसतो. क्रिकेटचा सामना संपतो, सिनेमा संपतो. हा खेळ आपणहून थांबत नाही. त्यात खान्देशातला मे महिना. दिवसभर तापलेली स्लॅबची खोली मध्यरात्रीपर्यंत निवत नाही. झोप लागण्यासाठी शरीराचे तापमान थोडे उतरावे लागते, ते उतरत नाही. डोळ्यांपुढच्या प्रकाशाने मेलाटोनिन हे झोपेचे संप्रेरकही उशिरा स्रवते. तेरा ते अठरा वयाला आठ ते दहा तास झोप लागते. सुट्टीत ती सकाळी भरून काढता येते. जूनमध्ये सकाळची शाळा सुरू झाली की येत नाही, आणि मग चिडचिड, डोकेदुखी, वर्गातल्या डुलक्या सुरू होतात.

यावर लॅपटॉप हिसकावून घेणे हा उपाय बहुतेक घरांत होतो आणि बहुतेक घरांत फसतो. ताफा वाटेत असताना केलेला हुकूम मुलाला अन्यायच वाटतो. त्याऐवजी नियम त्याच्याच भाषेत ठरवावा: ताफा पोहोचल्यावर नव्हे, निघाल्यावर खेळ जतन करून बंद करायचा. हे खेळ कुठेही थांबवून, जतन करून दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरू करता येतात, हे पालकांना बहुधा माहीत नसते आणि मुले सांगत नाहीत. झोपेच्या तासभर आधी पडदा बंद, लॅपटॉप झोपायच्या खोलीबाहेर. आणि जेवताना एकदा विचारून पाहावे, की तुझी जहाजे जातात कशी? पैसे लावून खेळायचे ऑनलाइन जुगारी खेळ आणि हे खेळ यांना एकाच काठीने हाकणारे पालक मुलाचा विश्वास विनाकारण गमावतात.

खेळात रमणे हा आजार नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’ची नोंद आहे, पण तिचे निकष कडक आहेत: खेळण्यावर ताबा न राहणे, बाकी सगळ्यांपेक्षा खेळ वरचढ होणे, नुकसान दिसत असूनही तो चालूच राहणे, आणि हे साधारण वर्षभर टिकणे. परीक्षेतले गुण घसरले, मित्र सुटले, जेवण-अंघोळ टळू लागली, खेळ बंद करताच मारहाणीपर्यंत गोष्ट गेली, तर मात्र वर्ष पूर्ण होण्याची वाट पाहू नये. धुळे आणि जळगाव दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. तिथल्या मानसोपचार विभागात केसपेपर काढून मुलाला दाखवता येते. तिथवर जायचा संकोच वाटत असेल तर ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य चालू असतो आणि मराठीतही बोलता येते.