सैन्याचे जाळे आणि सार्वजनिक क्षेत्र

संरक्षणाचा विषय निघाला की चर्चा होते ती तोफांची आणि विमानांची. लाखो सैनिकांना एकसूत्रात बांधणारे संदेशवहनाचे जाळे कोणाच्या पैशातून व कोणाच्या श्रमातून उभे राहते, हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. समाजवादी कार्यकर्त्याने तो विचारला पाहिजे.

जाळ्याचे गणित साधे आहे. दहा ठाणी परस्परांना थेट जोडावयाची तर ४५ तारा लागतात. शंभर ठाण्यांना ४,९५०. म्हणून सर्व तारा एकाच केंद्राकडे नेण्याचा मोह होतो. पण केंद्र उद्ध्वस्त झाले की सारे सैन्य मुके होते. अमेरिकेतील रँड संस्थेचे पॉल बॅरन यांनी १९६४ साली यावर तोड मांडली. प्रत्येक ठाणे तीन-चार शेजाऱ्यांशी जोडावे, संदेशाचे लहान तुकडे करावेत आणि प्रत्येक तुकडा मिळेल त्या वाटेने जाऊ द्यावा. असे जाळे वाढवणे सोपे, आणि काही ठाणी पडली तरी ते चालूच राहते. टेलिफोनची मक्तेदारी असलेल्या एटी अँड टी कंपनीने ही कल्पना धुडकावली. तुकड्यांनी संदेश धाडण्याच्या तत्त्वावर १९६९ मध्ये आर्पानेट उभे राहिले, ते सरकारी पैशातून. त्यातून उपजलेल्या इंटरनेटवर पुढे नफा कोणी कमावला, हे सांगावयास नको.

आपल्याकडे याचीच दुसरी आवृत्ती निघाली. सैन्याने काही स्पेक्ट्रम मोबाईल सेवेसाठी मोकळे करावे व मोबदल्यात सरकारने तिन्ही दलांना ऑप्टिकल फायबरचे स्वतंत्र जाळे उभारून द्यावे, असे ठरले. त्यासाठी २०१२ मध्ये १३,३३४ कोटी रुपये मंजूर झाले, २०१८ मध्ये आणखी ११,३३० कोटी. तारा टाकण्याची कंत्राटे खाजगी कंपन्यांना मिळाली हे खरे. परंतु जबाबदारी सोपवली गेली ती भारत संचार निगमावर. याच निगमातून जानेवारी २०२० मध्ये ७८ हजारांहून अधिक कर्मचारी स्वेच्छानिवृत्तीच्या नावाखाली एकदम बाहेर पडले. खाजगी कंपन्यांची ४जी सेवा २०१२ पासून सुरू असताना निगमाच्या देशव्यापी ४जी सेवेला २०२५ साल उजाडावे लागले.

अवघड काम सार्वजनिक क्षेत्राने करावे आणि किफायतशीर बाजारपेठ खाजगी भांडवलाने घ्यावी, ही वाटणी आपण मान्य करता कामा नये. बॅरन यांचा धडा अर्थव्यवस्थेलाही लागू आहे. देशाचे सारे दळणवळण दोन-तीन मालकांच्या हाती एकवटणे म्हणजे पुन्हा एका नाजूक केंद्रावर विसंबणे होय. निगम सबळ ठेवण्याची मागणी ही केवळ कामगारांच्या हिताची नव्हे, राष्ट्राच्या सुरक्षिततेचीही मागणी आहे. ती आपण त्याच भाषेत मांडली पाहिजे.